गाडीच्या सुपरचार्जरला रिब बेल्ट लावावा की दातेरी?

तुमचा प्रश्न असा, की 1.6 लिटर पेट्रोल इंजिनाला छोटा रूट्स सुपरचार्जर (दोन रोटरनी इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर) बसवताय, तर 6पीके म्हणजे सहा रिबचा (आतून लांबीभर सहा उभे कणे असलेला) बेल्ट घ्यावा, 8पीके घ्यावा, की नाशिकमध्ये सगळे सांगतात तसा सरळ दातेरी बेल्ट. सगळे सांगतात हे खरं आहे आणि हे उत्तर लिहायचं कारणही तेच. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो सल्ला चुकीचा आहे. 6पीके घ्या.

हिशेब बघा. क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली 150 मिमी, ब्लोअरची 75 मिमी धरली तर इंजिन मिनिटाला 6,500 फेऱ्यांवर असताना ब्लोअर 13,000 वर फिरतो. तिथे तो 20 किलोवॅट खात असेल तर त्याच्या शाफ्टवर साधारण 15 न्यूटन मीटर टॉर्क येतो आणि बेल्टवर 390 न्यूटनची ओढ, म्हणजे 40 किलोच्या आसपास. सहा रिबमध्ये वाटली की रिबमागे सात किलोसुद्धा नाही. तुमच्याच मापाचं उदाहरण म्हणजे पहिल्या पिढीतली मिनी कूपर एस. 1.6 लिटर इंजिन, ईटनचा एम45 ब्लोअर आणि कंपनीनेच दिलेला सहा रिबचा बेल्ट. त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि एसीसुद्धा.

बेल्ट घसरतो तो रिब कमी म्हणून नव्हे, पुलीला वेढा कमी म्हणून. 180 अंश वेढा असेल तर वरची ओढ पेलायला ढिल्या बाजूला साधारण 130 न्यूटन ताण पुरतो. वेढा 120 वर आला की तेवढ्याच कामाला 260 लागतात, म्हणजे दुप्पट. ब्लोअरचं पुढचं बेअरिंग जातं ते या जादा ताणाने.

अंबडच्या एका गॅरेजमधल्या गाडीचं नेमकं हेच झालं. 4,500 फेऱ्यांपर्यंत बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब) 0.4 बार यायचा आणि 6,000 ला 0.25 वर घसरायचा. ब्लोअरच्या पुलीभोवती काळी भुकटी, बेल्टच्या रिब काचेसारख्या चकाकलेल्या. किट विकणाऱ्याने निदान केलं, ‘रिब बेल्टचा दम संपला, दातेरी टाका.’ 8 मिमी पिचचा (दोन दातांमधलं अंतर), 30 मिमी रुंद दातेरी बेल्ट बसला. घसरणं बंद झालं आणि बूस्टही पूर्ण आला. मग काही दिवसांनी क्रँकमधून टकटक ऐकू यायला लागली. पुली उतरवली तर क्रँकच्या नाकावरच्या खाचेची एक कड चेपून गोल झालेली आणि चावी (पुली क्रँकवर सरकू न देणारा धातूचा तुकडा) खाचेत हलत होती. दातेरी बेल्ट जराही घसरत नाही, त्यामुळे गिअर टाकताना इंजिनचे फेरे एकदम पडले की फिरत्या रोटरचा सगळा झटका चावीवर येतो. रिब बेल्ट अशा वेळी किंचित सरकून झटका पचवतो.

त्या गाडीचा दोष साध्या पट्टीनेही सापडला असता. वेढा जेमतेम 115 अंश होता आणि ब्लोअरची पुली क्रँकच्या ओळीपासून 3 मिमी पुढे. शेवटी ब्लोअरच्या पुलीला जवळजवळ चिकटून, बेल्टच्या पाठीवर एक आयडलर (मोकळी फिरणारी पुली) घेतला, वेढा 170 पर्यंत नेला, ब्रॅकेटमागे शिम (पातळ पत्रा) घालून पुली ओळीत आणली. क्रँक दुरुस्त झाल्यावर त्यावर साधा 6पीकेच चढवला आणि बूस्ट 6,200 पर्यंत टिकला.

टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिल्या बाजूलाच हवा. क्रँककडे येणारी बाजू ताठ असते, क्रँकपासून निघणारी ढिली. क्रँक कुठल्या दिशेने फिरतो ते आधी बघा. होंडाच्या जुन्या बी-सिरीजचा क्रँक उलटा फिरतो, तिथे हे सगळं आणि ब्लोअरची दिशाही बदलते. टेन्शनर स्प्रिंगचा आणि दमदार डॅम्पिंगचा (हेलकावे दाबणारा) घ्या. नुसता स्प्रिंगवाला अ‍ॅक्सिलरेटर सोडताच उडतो.

पुली इथेच लेथवर करून घेणार असाल तर टर्नरला बजावून सांगा : पीके रिबचं पिच 3.56 मिमी, खाचेचा कोन 40 अंश. सोयीसाठी 3.5 धरून कापली तर सहा खाचांत 0.3 मिमीचा फरक साचतो आणि कडेच्या रिब एका बाजूने खाल्ल्या जातात. तयार बेल्टचा तुकडा खाचांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर पुली परत करा. ओळ तपासायला क्रँक पुलीच्या तोंडावर सरळ पट्टी लावा. 300 मिमीला 1.5 मिमीपेक्षा जास्त फरक नको.

बेल्ट आवाज करत असेल तर इंजिन आयडलवर ठेवून रिबच्या बाजूला लांबून पाण्याचा फवारा मारा. चिवचिव थांबली तर पुल्या ओळीत नाहीत. किंचाळणं वाढलं तर ताण कमी आहे. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारू नका, त्याने धूळ चिकटते आणि दोष झाकला जातो.

वॉटर पंपाचा बेल्ट मात्र वेगळा ठेवा, मिनीत सगळं एकाच बेल्टवर चालत असलं तरी. ब्लोअरचा बेल्ट कसारा घाटात तुटला तर बूस्ट जाईल, गाडी घरी येईल. पंपही त्याच बेल्टवर असेल तर मे महिन्यात हेड गॅस्केट गेलंच समजा.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. वरचा ताणाचा हिशेब बेल्टचा वेग न धरता केलाय. 13,000 वर 75 मिमी पुलीवर बेल्ट सेकंदाला 51 मीटर धावतो आणि पुलीपासून सुटू पाहतो, म्हणून प्रत्यक्षात ताण बराच जास्त ठेवावा लागतो. 8पीके तेव्हाच, जेव्हा ब्लोअरची पुली 65 मिमीच्या खाली जाणार असेल. पण त्याआधी ब्लोअरच्या कमाल फेऱ्यांची मर्यादा बघा. दातेरी बेल्टला जागा आहे ती ड्रॅगच्या गाडीत, मोठ्या ब्लोअरवर, तेही क्रँकला दुहेरी चावी करून. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरवर (यात रोटरऐवजी इम्पेलर म्हणजे पात्यांचं चक्र हवा ढकलतं) तर तो आणखी जपून, कारण आतल्या गिअरमुळे इम्पेलर क्रँकच्या सातपट फिरत असेल तर त्याचं जडत्व क्रँकला 49 पट जाणवतं.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, अपघात झाला तर विमा कंपनी तेच पुढे करेल.