सभागृहातला प्रश्न, सरकारी पैसा आणि आपल्या शंका

अधिवेशन सुरू झाले की माझ्याकडे येणारे मेसेज वाढतात. धुळ्याहून असोत की शहाद्याहून, विचारणा एकच असते: आमच्या खासदारांनी संसदेत प्रश्न विचारला, आता काम होईल ना? सोबत अर्ध्या मिनिटाची क्लिप. क्लिपमध्ये खासदार बोलताना दिसतात, मंत्र्यांचे उत्तर मात्र कापलेले असते. माझी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली. अर्धा कागद समोर आला की उरलेला अर्धा कुठे आहे, हे मी आधी विचारतो. वेगवेगळी उत्तरे देऊन कंटाळलो, म्हणून या वेळी सगळी एकत्र देतो.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत फरक काय? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धुळे)

तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचे लेखी उत्तर पटलावर ठेवले जाते, उपप्रश्न नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित.

आमच्या आश्रमशाळेला इमारत नाही. हा प्रश्न लोकसभेत घेता येईल का? (शिक्षक, धडगाव)

शासकीय आश्रमशाळा राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडे, म्हणून आमदारांकडे जा. शाळा एकलव्य निवासी असेल तर पैसा केंद्राचा, तेव्हा खासदार. आधी प्रकल्प कार्यालयात विचारून शाळा कोणत्या योजनेतली आहे ते पक्के करा.

वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत आहेत. कंपनी झाल्यापासून संसदेत आमच्याबद्दल प्रश्नच घेत नाहीत, असे ग्रुपवर सांगतात. खरे का? (भुसावळ तालुका)

अर्धे खरे, आणि अर्धे खरेच जास्त फिरते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळची निर्माणी यंत्र इंडियाकडे. त्याआधी कारखाने थेट संरक्षण मंत्रालयाखाली होते, त्यामुळे मंत्र्यांना सगळेच विचारता येई. आता कंपनीच्या रोजच्या कारभारावरचा प्रश्न, म्हणजे अमक्याची बदली किंवा तमक्या शॉपचा ओव्हरटाइम, संसदेचे सचिवालय सहसा स्वीकारत नाही. पण सैन्याकडून मागणी किती आली, सरकारने भांडवल किती दिले, कर्मचाऱ्यांची प्रतिनियुक्ती कधीपर्यंत, हे धोरणाचे विषय आहेत. त्यांवर प्रश्न घेतला जातो आणि मंत्रालयाला उत्तर द्यावे लागते. शिवाय कंपनीचे हिशेब कॅग ही सरकारी हिशेब तपासणारी यंत्रणा बघते आणि संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती कंपनीला बोलावू शकते. तेव्हा ‘दारे बंद झाली’ हे खरे नाही, दार बदलले.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे. वरणगाव आणि भुसावळ रावेर मतदारसंघात येतात. तिथल्या खासदार रक्षा खडसे २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. यात कोणाचा दोष नाही. प्रश्न दुसऱ्या मतदारसंघाचे खासदारही विचारू शकतात, राज्यसभेचे कोणतेही सदस्य विचारू शकतात. जळगावचे उज्ज्वल निकम २०२५ पासून राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य आहेत. नियुक्त सदस्यालाही प्रश्नाचा हक्क तितकाच असतो. वडिलांच्या सेवाशर्तींचे मात्र ग्रुपवर विचारू नका, युनियनच्या कायदा सल्लागारांना आदेशाची प्रत दाखवा.

एक गृहस्थ म्हणतात, ‘दिल्लीत ओळख आहे, संरक्षण खात्याला प्रश्न टाकून देतो’, आणि पैसे मागतात. द्यावेत का? (छोटे पुरवठादार, जळगाव)

अजिबात नाही. हा धंदा जुना आहे आणि त्याचा चटका आपल्याच जिल्ह्याला बसला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेने ११ सदस्यांना काढून टाकले. त्यांत जळगाव आणि एरंडोल, असे आपले दोन खासदार होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही हकालपट्टी कायम ठेवली. प्रश्नाची सूचना देण्यासाठी खासदाराला एक पैसा लागत नाही, तुम्हालाही लागत नाही. साध्या कागदावर विषय लिहा, खासदारांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. तुमचे बिल अडकले असेल तर तो संसदेचा विषयच नाही. त्यासाठी वकील गाठा.

संरक्षणावर काहीही विचारले की ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही’ असे उत्तर येते. मग विचारायचे कशाला? (माजी सैनिक, पारोळा)

काहीही विचारले की येते, असे नाही साहेब. गुप्ततेची रेघ कुठे ओढायची हे सरकार ठरवते आणि ती रेघ सरकते. खानदेशाला आठवावे असे उदाहरण सांगतो. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांच्या लेखी उत्तरात एका राफेल विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी रुपये दिली गेली. पुढे २०१८ मध्ये संपूर्ण किंमत विचारली तेव्हा फ्रान्सशी २००८ मध्ये झालेल्या गुप्तता कराराकडे बोट दाखवण्यात आले. सरकारचे म्हणणे असे की आधीचा आकडा शस्त्रे, उपकरणे आणि भारतासाठी केलेले बदल वगळून होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यातही किमतीचे आकडे झाकलेले होते. व्यवहार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त पडला, एवढेच कळले.

कोणती बाजू बरोबर, हे मी इथे ठरवणार नाही. सांगायचे ते इतके, की चार ओळींच्या लेखी उत्तरातला एक आकडा पुढची दोन वर्षे सरकारला सांभाळावा लागला. म्हणून तैनाती, साठा, पल्ला असले विचारू नका, ते मिळणार नाही आणि मिळूही नये. करार कधी झाला, पैसे किती दिले, माल किती आला, उशिराचा दंड वसूल केला का, हे विचारा. यातले पुष्कळ सांगितले जाते. तुम्ही फौजेत होतात. सेवेत कळलेली कोणतीही गोष्ट प्रश्नात घालण्याआधी जाणकार वकिलाचा सल्ला नक्की घ्या.

प्रश्न विचारून आजवर काही झाले का? (चाळीसगाव)

झाले. एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले तो विषय १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्नांतूनच वर आला. खासदार फिरोज गांधींनी तो लावून धरला, चौकशीसाठी छागला आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

गावात दोन बॅनर लागलेत. एकावर ‘संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी मंजूर’, दुसऱ्यावर ‘पुरवणी मागण्यांत पाडळसे धरणाला निधी’. सभागृहात इतके प्रश्न होतात, काम दिसत नाही. पैसा कथा गया (कुठे गेला)? (शेतकरी, अमळनेर)

नाना, या पत्राची मी वाट बघत होतो. थोडे लांबेल.

पहिला बॅनर. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला सुमारे ६,८१,२१० कोटी रुपये होते, आकडा खरा. पण त्यातले सुमारे १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. भांडवली खर्चाला, म्हणजे शस्त्रे-विमानांसारख्या खरेदीला, १,८०,००० कोटी, आणि त्यातही जुन्या करारांचे हप्ते आधी जातात. उरलेल्यातला मोठा भाग पगार, रेशन, इंधन, देखभाल. म्हणजे बॅनरवर विमान छापले असले तरी पैशाचे मोठे पोते पगार आणि पेन्शनचे आहे. शिवाय हा अंदाज आहे. पुढच्या अंदाजपत्रकासोबत सुधारित अंदाज येतो आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याही नंतर. रावेरला बोर्डावर केळीचा भाव लिहिला म्हणून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडत नाहीत, तसेच हे.

आता माझे खरे दुखणे. हा पैसा मंजूर कुठे होतो? प्रश्नोत्तराच्या तासात नव्हे. तो मंजूर होतो अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे मंत्रालये खर्चासाठी सभागृहाकडे पैसे मागतात त्यावर. संरक्षणाच्या अशा चार मागण्या असतात: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. या मागण्यांवर चर्चा करण्याचा, कपात सूचना देण्याचा हक्क खासदारांना आहे. शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवूनसुद्धा एखाद्या तक्रारीवर मंत्र्यांना बोलते करता येते. पण ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मतास टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही. संरक्षण, शेती, रेल्वे, सगळे गिलोटिनखाली गेले. गोंधळ कोणी घातला यावर दोन्ही बाजू भांडतील, भांडू द्या. लाखो कोटी न बोलता मंजूर झाले त्या दिवशी आपल्या भागातून एकाने तरी मला मेसेज करून विचारले का? नाही. तेव्हा सगळे क्लिपाच पाठवत होते.

संरक्षणविषयक स्थायी समिती या मागण्या आधी तपासते. ३१ सदस्य, लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. अधिकाऱ्यांना तिथे बंद खोलीत, कॅमेऱ्याशिवाय प्रश्न विचारले जातात, म्हणून बरेच खरे बोलणे होते. अहवाल सभागृहात मांडला जातो, कोणालाही वाचता येतो. झालेल्या खर्चाचा हिशेब लोकलेखा समिती बघते. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. तुमचे खासदार कोणत्या समितीत आहेत, किती बैठकांना गेले, हे त्यांना विचारा. बॅनरवर हे कधी छापत नाहीत.

दुसरा बॅनर. पुरवणी मागणी मंजूर होणे म्हणजे खर्च करायला विधिमंडळाची परवानगी. कधी तर लेखाशीर्ष (त्या खर्चाचे खाते) उघडे ठेवण्यापुरती हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद असते आणि फटाके त्यावरच फुटतात. परवानगीनंतर वित्त विभागाने निधी सोडायचा असतो, तो बीम्स या राज्याच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसला पाहिजे, मग तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे यायचा, मग ठेकेदाराचे देयक. यातल्या कोणत्याही पायरीवर तो अडकतो. म्हणून ‘निधी मंजूर झाला का’ असे आमदारांना विचारूच नका, ‘हो’ म्हणतील आणि खोटेही ठरणार नाहीत. किती तरतूद, किती वितरित, किती खर्च, असे तीन आकडे तारखांसह लेखी मागा. तुमची जमीन संपादनात असेल तर भूसंपादन कार्यालयात जाऊन स्वतःच्या गटाची नोंद बघा आणि मोबदल्याच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ या उत्तराचे पुढे काय होते? (पत्रकार, नंदुरबार)

ते आश्वासन धरले जाते. मंत्रालयाने ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. मुदतवाढी मागून वर्षे जातात ती गोष्ट वेगळी. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी खासदारांच्या कार्यालयाला आठवण द्या, आणि बातमी त्या दिवशी करा. प्रश्न विचारल्याची बातमी सगळेच करतात.

मंत्र्यांनी चुकीची माहिती दिली तर? (शिरपूर)

सदस्य अध्यक्षांना लेखी कळवून चूक निदर्शनास आणू शकतात. तुमच्याकडे पुरावा असेल तर तो खासदारांना द्या, फेसबुकवर नको.

माझे पती फौजेत होते. वन रँक वन पेन्शनची वाढ खात्यावर आली नाही. खासदारांना संसदेत प्रश्न विचारायला सांगू का? (वीरपत्नी, साक्री)

ताई, नका. एकट्या व्यक्तीची तक्रार प्रश्न म्हणून सहसा घेतली जात नाही आणि घेतली तरी तोवर तुमचे महिने जातील. ही योजना १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते, त्यानुसार २०१९ आणि २०२४ चे हिशेब झाले. तुमचा आकडा बरोबर आहे का, ते पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, दुसऱ्या कोणी सांगितले तर विश्वासही ठेवू नका. पीपीओ, आधार, बँक पासबुक घेऊन धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरची नोंद आणि हयातीचा दाखला अद्ययावत आहे का ते तिथे तपासून घ्या. ‘थकबाकी काढून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. अर्जाची पोच मिळूनही उत्तर आले नाही, तर त्या पोचेची प्रत घेऊन खासदारांकडे जा आणि प्रश्न नको, मंत्रालयाला पत्र लिहायला सांगा.