हात आवरा, पाय हलवा

प्रश्न : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये साध्या फाउलवर कधी एक फ्री थ्रो मिळतो, कधी दोन. असे का? आणि बचावपटूने फाउल टाळावेत कसे?

उत्तर : पुरुषांच्या एनसीएए (अमेरिकी कॉलेज खेळांची संघटना) सामन्यात २०-२० मिनिटांचे दोन हाफ असतात. एका हाफमध्ये संघाचा सातवा फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला ‘वन-अँड-वन’ मिळतो : पहिला थ्रो पडला तरच दुसरा. दहाव्यापासून थेट दोन. आपल्याकडच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत हा मधला टप्पाच नाही. क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन थ्रो.

बहुतेक फाउल हातांचे दिसतात, पण मूळ चूक पायांची. पाय मागे पडले की हात आपोआप पुढे जातो. ड्रिबल करणाऱ्यापासून हातभर अंतर ठेवा, गुडघे वाकवा, पाय न जुळवता सरका. त्याच्या अंगावर हात ठेवून राहिलात, तर २०१३-१४पासून अमेरिकी कॉलेज सामन्यांत सरळ फाउल. चेंडूवर वरून चापट मारू नका. चेंडू लागला तरी पंचाला मनगटच दिसते! रिंगखाली हात सरळ वर, उडी जागच्या जागी. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, म्हणून पहिल्या हाफमध्ये दोन झाले की प्रशिक्षक सहसा त्याला बसवतात. आमच्या मते ही सावधगिरी कधीकधी अति होते.