ऑर्लँडोत टाइमशेअर घेताय? आधी स्वयंपाकघर बघा
डिस्ने व्हेकेशन क्लब ही डिस्नेची टाइमशेअर योजना: आधी पैसे भरून पॉइंट्स घ्यायचे, मग दरवर्षी ते वापरून त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. हे पॉइंट्स घ्यायचेच असतील, तर जिथे खरंच राहावंसं वाटतं तेच होम रिसॉर्ट (तुमचे पॉइंट्स ज्या रिसॉर्टचे, ते) निवडा. तिथलं बुकिंग 11 महिने आधी करता येतं, इतर रिसॉर्टचं 7 महिने आधी. नाताळच्या सुट्टीत हा फरक चांगलाच जाणवतो. पोरं लहान असतील तर बे लेक टॉवर हे रिसॉर्ट बघा. मॅजिक किंगडम या डिस्नेच्या थीम पार्कहून चालत परत येता येतं, दुपारी पेंगली की खोलीवर आणून झोपवायची. स्टुडिओत, म्हणजे एकाच खोलीच्या जागेत, नुसता मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. आजी-आजोबा सोबत असतील तर वन बेडरूमच घ्या: शेगडी आहे, वॉशिंग मशीन आहे, रात्री वरणभात होतो. कुकर तेवढा घरून न्या! पॉइंट्स जास्त लागतात, लागू देत. देखभालीचे पैसे मात्र गेलात-न गेलात तरी दरवर्षी भरायचेच, म्हणून आधी एखाद्या सभासदाचे पॉइंट्स भाड्याने घेऊन राहून या.