अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये रिकामी पितळी काडतुसं आणि बंदुकीचे भाग धुता येतात का? पाण्यात काय टाकायचं?

धुता येतात. पण तुम्ही पुढे विचारलंय, "व्हिनेगर टाकलं तर चमक येईल का?" याच वाक्यावरून रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात माझं आणि मेहुण्याचं आजही वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं काम पितळी टर्निंगचं. ग्लँड, फेरूल, असले भाग. तेल आणि आट्यांत अडकलेला चुरा काढायला 40 किलोहर्ट्झची अल्ट्रासॉनिक टाकी आहे, म्हणजे पाण्यात कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी सोडून मळ सुटवणारी. मेहुण्याचं म्हणणं, "आई तांब्याला चिंच-मीठ लावते, मग टाकीत व्हिनेगर का नको?" अरे, आई चोळते आणि मिनिटभरात धुऊन टाकते! याने व्हिनेगर ओतलं, वर मूठभर मीठ, हीटर 60 अंशांवर, आणि साहेब डबा खायला गेले. परत येईपर्यंत अख्खी बॅच गुलाबी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. आम्ल आधी जस्ताला धरतं, ते निघून जातं आणि वर तांबं उघडं पडतं. त्याने बफ मारून माल पुन्हा पिवळा करून दाखवला, पण आट्यांच्या तळाशी बफ पोचत नाही. गिऱ्हाइकाने भिंगाखाली धरला आणि माल परत. त्याच पाण्यात त्याने स्टीलचे नट टाकले होते, तेही तांबूस झाले, कारण पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडावर चढतं. तुमच्यासाठी यातलं हेच महत्त्वाचं: काडतुसं आणि बंदुकीचे भाग एका पाण्यात कधीही घालू नका.

आता काडतुसं. तुमच्या 2 लिटरच्या मशीनमध्ये दीड लिटर कोमट पाणी, त्यात 5 ते 7 ग्रॅम लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड (ठाण्यात जांभळी नाक्यावर किराणा मालाच्या दुकानात मिळतं; हेही आम्लच, पण मात्रा थोडी आणि वेळ मोजका म्हणून चालतं) आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब. साबण जास्त झाला तर नुसता फेस होतो. माल टाकण्याआधी मशीन 5 ते 10 मिनिटं रिकामं चालवा. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती निघेपर्यंत लहरींचा जोर तिच्यातच जिरतो. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात आणि मग मशीन बोगस म्हणतात. तापमान 50 ते 55 अंश पुरे. पाणी उकळीजवळ गेलं की साफ होणं उलट मंदावतं.

काडतुसं टोपलीत, एकाच थरात. थेट तळावर ठेवली तर तळाचा पत्रा घासून खड्डे पडतात. प्रत्येक काडतूस तिरकं बुडवून आतली हवा घालवा, नाहीतर बुडबुडा अडकतो आणि आतली काजळी तशीच राहते. 5 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये एकदा हलवणं. पाणी निळसर-हिरवं झालं की बदला. मग दोनदा स्वच्छ पाण्यात, मध्ये एकदा लिटरला चमचाभर खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं. बोअरचं पाणी शेवटी वापरू नका, पांढरे डाग पडतात. उडालेली कॅप (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी) तळात असेल तर तिच्यामागे पाणी राहतं, म्हणून सुकवायला पूर्ण दिवस द्या. पावसाळ्यात बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवा.

निघणारं पितळ स्वच्छ असेल, पण मंद. चकाकी हे या मशीनचं कामच नाही. मेहुण्याला हे पटत नाही. चकाकी हवी तर नंतर वेगळं पॉलिश करा, पण अमोनिया असलेलं नको. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढून काडतूस घडवताना त्यात राहिलेला ताण यांची ती जोडी होती, हे 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. चकाकणारं पितळ मजबूत असतंच असं नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं!

रिव्हॉल्व्हरच्या भागांना आम्ल अजिबात नाही, ब्लूइंग, म्हणजे स्टीलवरचा निळसर-काळा थर, उतरतं. साधं पाणी, न्यूट्रल साबण, 40-45 अंश, 3 ते 5 मिनिटं, पुरे. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ, रंगवलेले भाग, कुठल्याही काचा आधी काढा. ॲल्युमिनियमला तीव्र अल्कलीचं द्रावण नको, वरचा ॲनोडायझिंगचा संरक्षक थर जातो. आणि भाग बाहेर काढल्यावर आपल्याकडच्या हवेत काही मिनिटांत गंज धरतो, विशेषतः जुलैत, कारण तेलाचा शेवटचा थरही निघून गेलेला असतो. लगेच हवा मारा, पाणी ढकलणारं तेल फवारा, मग नेहमीचं तेल, आतल्या स्प्रिंग आणि पिनांपर्यंत. ज्यांना एवढं करायचं नसेल त्यांनी ब्रश आणि तेलच वापरावं.

टाकीत पेट्रोल, रॉकेल, थिनर कधीच नको. हीटर आणि वाफ एकत्र आले की आग लागते. पाणी खुणेखाली गेलं की लहरी तयार करणारा ट्रान्सड्यूसर जळतो. मशीनवर शंका असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा मिनिटभर उभा धरा. सगळीकडे सारखी भोकं पडली तर ठीक, एकाच बाजूला पडली तर परत करा.

राहिलेलं सांगून टाकतो. जिवंत काडतूस कधीच टाकीत नाही. काजळीत कॅपचं शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला, स्वयंपाकघराचं सिंक वापरू नका आणि टोपली पुन्हा भाजीला नेऊ नका. शस्त्र कायदा, 1959 मध्ये बंदुकीचे सुटे भागही 'शस्त्र' धरले जातात आणि काडतुसाचे भाग 'दारूगोळ्यात' येतात. म्हणून धुलाई परवानाधारकाच्या हातून, स्वतःच्या घरी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपला पिशवी देऊ नका, दुरुस्तीचाही वेगळा परवाना लागतो. रिकामी काडतुसं जवळ ठेवण्याबद्दल शंका असेल तर परवाना देणाऱ्या पोलीस आयुक्तालयात विचारा. रिलोडिंगचा, म्हणजे रिकामी काडतुसं पुन्हा भरायचा, विचार असेल तर त्यावर मी इथे काही सांगणार नाही.