स्प्लेंडरचे रूप बदला, पण साडीगार्ड राहू द्या

प्रश्न : वडिलांची २०१२ सालची स्प्लेंडर आता माझ्याकडे आली आहे. तिला कॅफे रेसरचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या शर्यतीच्या गाडीसारखे रूप द्यायचे असून त्यासाठी पंधरा हजार रुपये साठवले आहेत. खाली झुकलेले हँडल, मागे रुंद टायर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मागची फ्रेम कापून आखूड सीट आणि साडीगार्ड काढून टाकणे, एवढी कामे गॅरेजवाल्याने सुचवली आहेत. आईला बाजारात नेणेही याच गाडीवर होते. खर्च कुठे करावा आणि कुठे टाळावा? – एक वाचक, बार्शी

उत्तर : आईचा उल्लेख तुमच्या पत्रात जाता जाता आला असला, तरी या गाडीचे सगळे निर्णय तिथूनच घ्यायला हवेत, असे मला वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मोटारसायकलला असावेच लागते. आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर चाकात गेला, तर सावरायला क्षणही मिळत नाही. साडीगार्ड काढू नका, घासून त्याला काळा रंग द्या. ते डोळ्यांत खुपणार नाही.

फ्रेमला करवत लावू नका. मागे बसणाऱ्याचा भार त्याच नळ्यांवर येतो आणि वेल्डिंग आतून किती धरले आहे, हे वरून दिसत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल बेकायदा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तुमच्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षे होतील आणि फेरनोंदणीसाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, हेही ध्यानात असू द्या. टाकीचा रंग बदलायचा असेल, तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी. सायलेन्सर आहे तोच ठेवा. नुसत्या आवाजाने ९७ सीसीच्या इंजिनाची ताकद वाढत नाही.

निम्मे पैसे आधी चाकांवर आणि ब्रेकवर खर्च करा. मूळ २.७५-१८ मापाच्या (२.७५ इंच रुंद, १८ इंची रिमचा) टायरच्या जागी मागे ३.००-१८ चा टायर चालतो, पण त्याहून बराच रुंद टायर अरुंद रिमवर आवळला जाऊन त्याचा आकार बिघडतो, चेनला घासण्याची भीती राहते आणि मायलेजही घटते. चेन-सॉकेट, ब्रेक शू आणि केबल तपासून घ्या. मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे आणि तो बदलल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

उरलेल्या पैशांत रूप पालटते, आणि त्यात सीटचा वाटा सर्वांत मोठा. मूळ सीटचा तळ तसाच ठेवून सीट बनवणाऱ्याकडून सपाट फोम आणि साधे काळे कव्हर करून घ्या. दोघांना बसता येईल एवढी लांबी मात्र कमी करू नका. हँडल अगदी खाली न नेता थोडे सपाट घ्या. ते बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. एका तरुणाच्या गाडीवर मी हे करून पाहिले, तेव्हा डावीकडे वळवताच मूठ न पिळता इंजिन ओरडू लागले, कारण ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. भर चौकात वळताना असे झाले असते, तर काय झाले असते याचा विचार करवत नाही. केबलची वाट बदलून, हँडल वळवल्यावरही इंजिनाचा आवाज तसाच राहील आणि बोटे टाकीवर चेपणार नाहीत, इतके झाल्यावरच गाडी रस्त्यावर काढा.

काढलेले हँडल, जुने सीट कव्हर आणि बोल्ट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. २०२७ च्या तपासणीआधी त्यांतले काही पुन्हा बसवावे लागू शकते.