केमॅलॉक कधी फेल होतच नाही, मग प्रत्येक वेळी तपासायचं कशाला? बग_ऑन टाकून चालेल का?

तुमचा प्रश्न असा: यंत्रमागावरची पिकं (आडवा धागा एकदा टाकला की एक पिक) मोजणाऱ्या सेन्सरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिताय, केमॅलॉकचं (कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मेमरी मागणाऱ्या फंक्शनचं) उत्तर दर वेळी तपासून कोड लांबतोय, आणि कुणीतरी सांगितलं की सरळ बग_ऑन टाका. मी सोलापुरातच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या मागांना जोडायच्या बोर्डांचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बग_ऑन टाकू नका. ती अट खरी ठरली की कर्नेल चालू प्रोसेस जागेवर मारतो. तिने घेतलेले लॉक कुणी सोडत नाही, आणि त्या लॉकची वाट बघणारं बाकीचं सगळं एकेक करून अडकतं. हेच इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने इशारा दिला की लगेच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) झालं तर अख्खं मशीन पॅनिकमध्ये जातं, म्हणजे पूर्ण बंद पडतं. माग चालूच, बोर्ड बंद, पाळीतली पिकं गेली. आपल्याकडे कामगाराची मजुरी उत्पादनावर ठरते. मेमरीचा एक तुकडा मिळाला नाही म्हणून त्याचा हिशोब बुडावा, हे मला अजिबात पटत नाही. मेमरी न मिळणं हा बग नाही. उणे ईनोमेम, म्हणजे ‘मेमरी नाही’ हा एरर कोड, परत करा, पुढचं वरचा कोड ठरवेल. ‘मेमरी संपली’ असा स्वतःचा मेसेजही छापू नका, कर्नेल स्टॅकसकट (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्या साखळीसकट) इशारा स्वतःच छापतो.

‘फेल होतच नाही’ यात तथ्य आहे. जीएफपी_कर्नेलने (गरज पडली तर थांबायला तयार असल्याची खूण) केलेली मेमरीच्या 8 पानांपर्यंतची मागणी, म्हणजे 4 केबीच्या पानांवर 32 केबी, कर्नेल सहसा नाकारत नाही. वेळ आली तर दुसरी प्रोसेस मारून जागा काढतो. पण खरी अडचण इथेच आहे. तुमचा एरर पाथ, म्हणजे नकार आल्यावर चालणारा कोड, कधी चालतच नाही, त्यामुळे त्यात काय चुकलंय ते कुणालाच दिसत नाही. इंटरप्टमध्ये मात्र थांबता येत नाही, जीएफपी_अ‍ॅटॉमिक (न थांबता मागण्याची खूण) वापरावं लागतं आणि तिथे नकार खरोखर येतो. तुमच्याकडे तर दर पिकाला इंटरप्ट. हँडलरमध्ये मेमरी मागूच नका. प्रोबमध्येच (डिव्हाइस जोडलं जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) केफिफो, म्हणजे नोंदींची कर्नेलमधली रांग, घेऊन ठेवा, तो भरला तर सुटलेल्या नोंदींचा वेगळा काउंटर वाढवा आणि तो आकडा वर दाखवा. चुकीच्या बेरजेपेक्षा ‘इतकी पिकं सुटली’ हे कळलेलं बरं.

आता प्रोबमधला क्रम. आधी ड्रायव्हरची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर, मग केफिफो, आणि इंटरप्टची नोंदणी या दोघांनंतरच. ही नोंदणी करणारं रिक्वेस्ट_आयआरक्यू परत येण्याआधीसुद्धा हँडलर धावू शकतो, आणि तेव्हा केफिफो तयार नसेल तर संपलं. सोडताना बरोब्बर उलट: फ्री_आयआरक्यू पहिलं, मग केफिफो, शेवटी स्ट्रक्चर. यासाठी गोटू (ठरावीक लेबलावर थेट उडी) बिनधास्त वापरा, कॉलेजात कितीही नावं ठेवली तरी. कर्नेलमध्ये हीच रीत आहे. फक्त लेबलांना ‘एरर1’, ‘एरर2’ अशी नावं देऊ नका. ‘फ्री_फिफो’ असं, तिथे काय सुटतं ते सांगणारं नाव द्या. मध्ये एखादी पायरी घुसवली की आकडेवाली लेबलं हमखास चुकतात.

दोन सापळे सांगून ठेवतो. केरिअ‍ॅलॉकचं (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनचं) उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. फेल झालं तर नल (रिकामा पॉइंटर) येतो, जुनी मेमरी तशीच राहते आणि तिचा पत्ता तुम्ही स्वतःच पुसलेला असतो. दुसरं, केथ्रेड_रनसारखी (कर्नेलमध्ये थ्रेड सुरू करणारी) फंक्शन्स नल देत नाहीत, पॉइंटरमध्येच एरर कोड घालून देतात. तिथे तो कोड ओळखणारं इझ_एर लावायचं. केमॅलॉकला इझ_एर लावलंत तर नल सहज निसटतो.

आणि हे सगळं मुद्दाम फेल करून बघा. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कर्नेल कॉन्फिगमध्ये फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम चूक घडवणं), त्याचं डीबगएफएस (सेटिंगच्या फाइली दाखवणारी डीबगची फाइल सिस्टिम) आणि फेलस्लॅब (केमॅलॉकसारख्या मागण्या नाकारणारा भाग) चालू करा. मग डीबगएफएसमधल्या फेलस्लॅब फोल्डरात ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ नावाची फाइल दिसेल, तिच्यात ‘एन’ लिहा. ती मुळात ‘वाय’ असते आणि तोवर जीएफपी_कर्नेलच्या मागण्या फेल होतच नाहीत, लोक इथेच फसतात आणि ‘टेस्ट पास’ म्हणून मोकळे होतात. त्यानंतर एक छोटा सी प्रोग्राम लिहा: स्वतःच्या प्रॉक फोल्डरातल्या ‘फेल-एनटीएच’ फाइलमध्ये 1 लिहायचा, डिव्हाइस उघडायचं, फाइल परत वाचायची. 0 आला तर पहिली मागणी फेल झाली. मग 2, मग 3. वाचल्यावर 0 ऐवजी आकडा उरलेला दिसला की त्या कॉलमधल्या मागण्या संपल्या. चालवताना केसॅन आणि केमेमलीक ही कर्नेलची दोन्ही तपासणी साधनं चालू ठेवा, सोडलेल्या मेमरीला हात लागला तर केसॅन लगेच सांगतं, आणि एखादा तुकडा गळला तर केमेमलीकच्या पुढच्या तपासणीत कळतं.

केसॅनचा रिपोर्ट आला आणि उलगडला नाही, तर तो पूर्ण स्टॅक आणि तुमचं प्रोब फंक्शन प्रश्नात जोडा, मी बघतो.