न्यायनिर्णय, हुकूमनामा आणि 'आदेश' : निकालाचे कागद किती?

प्रश्न असा आहे : "दिवाणी दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. वकील म्हणतात, न्यायनिर्णयाची नक्कल मिळाली, हुकूमनाम्याची यायची आहे. दोन्ही एकच नाहीत का? शिवाय न्यायनिर्णयाच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'आदेश' लिहिलेय, ते काय?"

कागद दोन आहेत. 'निकाल' हा बोलीतला सैल शब्द. परीक्षेचा लागतो, सामन्याचा लागतो, एखाद्याचा 'निकाल लावला' तरी चालतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २ मध्ये मात्र तीन शब्दांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत.

न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणे. त्यात आधी वादाची थोडक्यात हकीकत येते, मग मुद्दे आणि त्यांच्यासमोर 'होकारार्थी' किंवा 'नकारार्थी' असे निष्कर्ष, त्याखाली कारणमीमांसा. हुकूमनामा म्हणजे त्या कारणांतून निघालेला, पक्षकारांचे हक्क निश्चित करणारा निष्कर्ष : दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, काय मंजूर झाले आणि कोणाचा खर्च कोणी द्यायचा. अरबी 'हुक्म' आणि फारसी 'नामा' जोडून झालेला हा शब्द अर्थाला अगदी चपखल आहे. का, ते न्यायनिर्णय सांगतो. काय करायचे, ते हुकूमनामा.

आदेश म्हणजे न्यायालयाचा असा औपचारिक निर्णय, जो हुकूमनामा नाही. दावा चालू असताना मनाईच्या अर्जावर होतो तो आदेश. आपल्याकडे हा अर्ज बहुधा निशाणी ५ वर (निशाणी म्हणजे दाव्यातल्या कागदाला दिलेला क्रमांक) असतो, म्हणून 'निशाणी पाचचा हुकूम' असेच म्हणतात. आता गोंधळाचे मूळ : न्यायनिर्णयाच्या शेवटच्या भागालाही शीर्षक 'आदेश' असेच देतात. '१. दावा खर्चासह मंजूर' असे सुरू होऊन शेवटी 'त्याप्रमाणे हुकूमनामा तयार करण्यात यावा' असे येते. शीर्षक आदेशाचे, पण त्यातून तयार होणारा कागद हुकूमनामा. इथे 'आदेश' हा शब्द व्याख्येतला नव्हे, रोजच्या भाषेतला समजावा.

हुकूमनामा न्यायनिर्णयानंतर १५ दिवसांच्या आत तयार व्हावा, अशी तरतूद आहे. तो नंतर तयार झाला तरी त्यावर तारीख न्यायनिर्णयाचीच पडते, आणि अपिलाची मुदत त्या तारखेपासून धावते : जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळण्यास लागलेला वेळ यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज लगेच करावा. 'हुकूमनामा आला की बघू' म्हणून थांबण्यातच मुदत हुकते. अपील दाखल करायला न्यायनिर्णयाची नक्कल पुरते.

बजावणीत, म्हणजे निकाल प्रत्यक्ष अमलात आणताना, मात्र हुकूमनामाच लागतो. बजावणीच्या अर्जाला आपल्या न्यायालयांत 'दरखास्त' म्हणतात. मूळ फारसी अर्थ नुसता विनंती, पण इथे तो या एकाच अर्जाला चिकटला. मुदत साधारणपणे १२ वर्षे, आज्ञात्मक मनाईच्या (एखादी गोष्ट करायला लावणाऱ्या) हुकूमनाम्याला ३ वर्षे, कायमच्या मनाईला मुदत नाही. ज्याच्याविरुद्ध दरखास्त असते तो 'निर्णीत ऋणी'. एक पैचेही देणे नसले, नुसती खोली खाली करायची असली तरी ऋणीच! हुकूमनामा हाती आला की न्यायनिर्णयाच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहावा. गट क्रमांक किंवा चतुःसीमा चुकली तर बजावणी अडते. अशी लेखनिकी चूक याच संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्त करता येते.

वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात फक्त हिस्से ठरतात, कोणाचा तुकडा कुठला ते नाही. तो 'निकाल' समजून सातबाऱ्यावर नाव लावायला धावणारे बरेच.

उरला 'निवाडा'. वर्तमानपत्रे तो निकालाला पर्याय म्हणून वापरतात, पण कायद्याच्या मराठीत तो भूसंपादनाचा, लवादाचा किंवा लोकअदालतीचा. यांपैकी लोकअदालतीचा निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. त्याची थेट दरखास्त लावता येते.